गोगलगायी आणि नवी डिस्क

सापडेसाहेबांनी आयुष्यात स्वतः घेतलेले निर्णय फार थोडे. नोकरी वडिलांनी ठरवली, लग्न आईने ठरवलं आणि घराच्या भिंतींचा रंग रंगाऱ्याने ठरवला (त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा तरी रंग उरला होता). त्यामुळे एका शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी, "उद्या मी आपल्या कॉम्प्युटरची डिस्क बदलणार आहे," असं जाहीर केलं तेव्हा घरात कुणाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"कोण बदलणार आहे?" आईने विचारलं.

"मी."

आईने सुनेकडे पाहिलं. सुनेने खिडकीखालच्या टेबलावर ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. स्टेशनवर कुणाला निरोप द्यायला गेलेला माणूस पाहतो, तसं.

आधी हे सांगायला हवं की सापडेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते बस डेपोत 'हरवले-सापडले' विभागाचे प्रमुख होते. त्या विभागात कर्मचारीही तेच एकटे होते, त्यामुळे प्रमुखपदावरून कधी वाद झाला नाही. बसमध्ये विसरलेली प्रत्येक वस्तू त्यांच्या खोलीत यायची. छत्र्या, डबे, चष्मे, एका पायातली चप्पल. एक कवळीसुद्धा होती. तिच्यावर आजवर तिघांनी हक्क सांगितला होता आणि ती तिघांच्याही तोंडात बसली नव्हती. वस्तू आली की साहेब तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचे आणि फळीवर ठेवायचे. कुणी मागायला आलं की आधी वर्णन विचारायचे. रंग कुठला, आकार केवढा, शेवटची कुठे पाहिली होती. आणि ठरलेल्या मुदतीत कुणाची तक्रार आली नाही तर त्या वस्तूची रीतसर विल्हेवाट लावायचे. तक्रार नाही म्हणजे मालक नाही, या एका तत्त्वावर त्यांची सगळी नोकरी उभी होती. आपल्या हातून आजवर एकही वस्तू गहाळ झालेली नाही, हे ते पाहुण्यांना पाण्याच्या ग्लासाबरोबर सांगत.

साहेबांच्या बायकोचं काम अक्षरजुळणीचं. लेखक मंडळी हाताने लिहिलेले कागद आणून द्यायची, बाई ते कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायच्या. कॉम्प्युटर जुना होता. त्याचं बटण दाबलं की तो आधी खोल श्वास घ्यायचा, मग आतून कुरकुर करायचा, मग पडद्यावर एक गोल फिरवत बसायचा. तेवढ्या वेळात बाई कपडे वाळत घालून यायच्या, भाजी चिरून घ्यायच्या आणि एखाद्या दिवशी भाजी शिजायचीसुद्धा. बाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण सध्या काम मोठं होतं आणि वेळ थोडा होता.

काम होतं गोगलगायसरांचं. हे सर कॉलेजातून निवृत्त झालेले. सगळी हयात त्यांनी गोगलगायींच्या मागे घालवली होती (मागे पडण्याची भीती नव्हती, असं सापडेसाहेबांचं मत). आता त्यांचा चौदा अध्यायांचा ग्रंथ छापायला जायचा होता. छापखान्याने तारीख दिली होती, पुढल्याच्या पुढल्या शनिवारची. नऊ अध्याय टाइप झाले होते, पाच उरले होते. आणि सरांनी बाईंना शब्द दिला होता की पुस्तकाच्या पहिल्या पानावर, खाली का होईना, 'अक्षरजुळणी' असं लिहून पुढे त्यांचं नाव छापलं जाईल.

बाईंनी इतक्या वर्षांत किती जणांची पुस्तकं टाइप केली त्याला मोजदाद नव्हती. पण त्यातल्या एकातही त्यांचं नाव नव्हतं. सरांनी शब्द दिला त्या दिवशी बाईंनी ही गोष्ट साहेबांना स्वयंपाक करताना सांगितली, जेवताना सांगितली आणि भांडी आवरताना, आधी सांगितलीच नाही अशा थाटात, पुन्हा सांगितली. ते ऐकताना साहेबांना भरून आलं होतं. आपण या बाईसाठी काहीतरी करायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. नवऱ्याच्या मनाने असं काही घेतलं की घराने सावध व्हायला हवं, पण त्या घराला तेवढा अनुभव नव्हता.

डिस्कची कल्पना डेपोतल्या निवेदकाची. कुठली बस कुठे लागली आहे ते मायक्रोफोनवरून सांगण्याचं त्याचं काम. त्यामुळे त्याला खाजगीत बोलता येत नसे. डबा खाताना मीठ मागितलं तरी ते अख्ख्या डेपोला कळायचं.

"जुन्या डिस्कचा क्लोन करायचा," तो म्हणाला. "जुन्या डिस्कवर जे जे आहे त्याची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर. काही हरवत नाही, काही सुटत नाही. मग नव्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. बटण दाबलं की सुरू. प्रवाशांनी घाबरून जाण्याचं कारण नाही."

"आणि जुनीचं काय करायचं?"

"ती लगेच काढून टाकू नका. आठवडाभर आतच राहू द्या. सगळं नीट चाललंय अशी खात्री पटली की मग काढा. फक्त एक लक्षात ठेवा, दोन्ही डिस्क आत असतील तर—" तेवढ्यात एक बस फाटकातून आत शिरली, निवेदक मायक्रोफोनकडे धावला आणि उरलेलं वाक्य राहून गेलं. परत आल्यावर तो ते विसरला आणि साहेबांनीही विचारलं नाही. आठवडाभराची मुदत ही गोष्ट त्यांना इतकी ओळखीची वाटली की पुढचं काही विचारावं असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी सकाळी साहेबांनी कॉम्प्युटरच्या खोक्याचं झाकण उघडलं. आत इतकी धूळ होती की आई दोन पावलं मागे सरकली. धुळीत एक केसांचा आकडा, एक शर्टाचं बटण आणि एका चमच्याचा तुकडा सापडला. साहेबांनी तिन्ही वस्तूंना चिठ्ठ्या बांधल्या आणि खिडकीत ओळीने ठेवल्या.

"आकडा माझाच आहे," बाई म्हणाल्या.

"शेवटचा कुठे पाहिला होतास?"

"अहो, माझा आहे म्हणजे माझाच आहे. घरात दुसरी कोण आकडे लावते?"

"मी लावायचे पूर्वी," आई म्हणाली. मग साहेबांनी तो आकडा वादग्रस्त म्हणून वेगळा ठेवला.

नवी डिस्क दिसायला अगदीच किरकोळ होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी, त्याहूनही चपटी. हातात घेतली तर वजनच नाही. आईला ती पसंत पडली नाही. "यात एवढं मोठं पुस्तक मावायचं कसं?" असा तिचा प्रश्न होता. साहेबांनी एका वायरला 'जुनी' आणि दुसरीला 'नवी' अशी चिठ्ठी बांधली, डिस्क जोडली, कॉम्प्युटर सुरू केला, नकलेचा प्रोग्रॅम चालू केला आणि खुर्ची ओढून समोर बसले. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तसे ते बसले होते. मध्येच उठून फेऱ्या मारायचे आणि परत बसायचे. जेवणसुद्धा त्यांनी तिथेच केलं. दुपार कलता कलता पट्टी भरली आणि पडद्यावर 'यशस्वी' असा शब्द आला. साहेबांच्या कामाबद्दल हा शब्द कुठेही पहिल्यांदाच लिहिला गेला होता. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, दोन्ही डिस्क आत नीट बसवल्या, झाकण लावलं आणि घरातल्यांना बोलावलं.

"आता बघा हं," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

कॉम्प्युटरने खोल श्वास घेतला. आतून कुरकुर केली. पडद्यावर गोल फिरू लागला. तो फिरतच राहिला. आईने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. बाईंना गॅसवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली. शेवटी पडदा उजळला.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले.

"काय पाहायचं?" आईने विचारलं.

"वेग."

आई काहीतरी बोलणार होती. पण बाईंनी त्याआधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नाकाच्या शेंड्याला धूळ लागली होती, केसांत कोळिष्टक होतं आणि मधे इतका आनंद होता की बाईंना त्याच्यावर पाणी ओतवेना.

"हो," त्या म्हणाल्या. "खूपच फरक पडलाय."

आणि त्यांनी सासूबाईंचा हात हळूच दाबला.

"पडलाय ना," आई म्हणाली. "मला तर दिसलंसुद्धा नाही, इतका पटकन झाला."

साहेबांना आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांनी या यशाची हकिगत चालकांना सांगितली, वाहकांना सांगितली आणि हरवलेली छत्री न्यायला आलेल्या एका आजोबांनाही सांगितली (आजोबा कंटाळून छत्री न घेताच गेले). खरं म्हणजे साहेबांना स्वतःलाही कॉम्प्युटर वेगात सुरू होताना दिसू लागला होता. माणसाने मनावर घेतलं की त्याला काय वाट्टेल ते दिसतं.

रोज संध्याकाळी घरी आल्यावर ते बूट काढायच्या आत विचारायचे, "काही तक्रार?"

"नाही," बाई म्हणायच्या. आणि खरंच नव्हती. त्यांचं काम झपाट्याने चाललं होतं, ते कॉम्प्युटरमुळे नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या हुरुपामुळे. दहावा अध्याय झाला, अकरावा झाला. गोगलगायसरांचं अक्षर त्यांच्या गोगलगायींनी काढलं असावं असं होतं आणि ते वाचता येणारी बाईंशिवाय दुसरी व्यक्ती नव्हती. शनिवारी संध्याकाळी चौदावा अध्यायही पूर्ण झाला. मुदतीला अजून आठवडा बाकी होता. बाईंनी हात वर करून मोठा आळस दिला आणि त्या दिवशी गाणं गुणगुणत पोळ्या लाटल्या.

रविवारी सकाळी शेवटची नजर फिरवून बाई कॉम्प्युटर बंद करून बहिणीकडे गेल्या. घरात साहेब आणि आई. आठवड्याची मुदत संपली होती आणि एकही तक्रार आलेली नव्हती. तक्रार नाही म्हणजे मालक नाही. साहेबांनी झाकण उघडलं आणि 'जुनी' अशी चिठ्ठी असलेली डिस्क बाहेर काढली.

आता इतर कुणी असता तर त्याने ती कपाटात टाकली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण साहेबांच्या विभागात विल्हेवाट म्हणजे विल्हेवाट. शिवाय डेपोतल्या मेकॅनिककडून त्यांनी चांदणीच्या आकाराच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आणला होता आणि तो वापरल्याशिवाय परत करायचा म्हणजे त्यांना जिवावर आलं होतं. त्यांनी डिस्कचे सगळे स्क्रू काढले आणि वरचा पत्रा उचलला. आत लखलखीत, गोल, आरशासारखी तबकडी.

"अगं बाई," आई म्हणाली. "केवढी छान आहे."

तबकडीच्या बाजूला दोन लोहचुंबक निघाले. ते इतके जोरदार होते की आईच्या हातातली कात्री खेचली गेली. आईने ते तिथल्या तिथे मागून घेतले आणि सुयांच्या डब्यात ठेवले. आता सुई पडली तर जमिनीवर हात चाचपत बसायला नको. तबकडीला मधे भोक होतंच. साहेबांनी ती न्हाणीघरात खिळ्याला अडकवली आणि तिच्यात पाहून दाढी केली. एवढी गुळगुळीत दाढी आपली कधी झाली नव्हती, असं त्यांना वाटलं.

दुपारी बाई परत आल्या. त्यांनी नवा आरसा पाहिला, सुयांचा डबा पाहिला आणि त्या हसल्या. "काही वाया जाऊ देणार नाही तुम्ही," असं कौतुकाने म्हणाल्यासुद्धा. मग, सोमवारी कागद छापून काढायचे आहेत तर एकदा पाहून घेऊ, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या. दारापर्यंतही पोचल्या नसतील, मागे पडदा उजळला.

"अहो," त्या म्हणाल्या. "हा लगेच सुरू झाला."

"रोजच होतो."

"नाही. आज खरंच झाला."

साहेबांना तो 'खरंच' जरा लागला. पण ते काही बोलायच्या आत बाई टेबलाशी जाऊन बसल्या होत्या. थोडा वेळ माउसचा टकटक आवाज आला. मग तो थांबला.

"अहो, दहावा अध्याय कुठे आहे?"

"वर्णन सांग," साहेब सवयीने म्हणाले.

"काय?"

"म्हणजे... शेवटचा कुठे पाहिला होतास?"

"इथेच. आज सकाळी. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, चौदावा. पाचही."

साहेब जवळ गेले. पडद्यावर नऊ अध्याय होते. दहाव्याची कुठे खूणही नव्हती. गेल्या रविवारच्या पुढची एकही गोष्ट त्या कॉम्प्युटरला आठवत नव्हती. बाईंनी भाचीला लिहिलेलं पत्र नव्हतं, आईने खेळून अर्धवट ठेवलेला पत्त्यांचा डावही नव्हता. साहेबांनी निवेदकाला फोन लावला. फोन कानाला लावण्याची गरज नव्हती. टेबलावर ठेवला तरी सगळ्या घराला ऐकू येत होतं.

"दोन्ही डिस्क आत होत्या ना?" निवेदकाने विचारलं.

"होत्या. तुम्हीच म्हणालात."

"आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ते सेटिंगमध्ये बदललंत ना?"

"ते बदलायचं असतं?"

"म्हणजे काय. नाहीतर तो जुन्या सवयीने जुन्या डिस्कवरूनच सुरू होणार. सगळा आठवडा तुमचा कॉम्प्युटर जुन्या डिस्कवर चालत होता, साहेब. नवी नुसतीच शेजारी बसून होती. आठवडाभराचं काम सगळं जुनीत आहे. काही घाबरू नका. ती परत जोडा की झालं. कुठे आहे ती?"

साहेबांनी न्हाणीघराकडे पाहिलं, मग आईच्या डब्याकडे पाहिलं.

"निरनिराळ्या ठिकाणी आहे," ते म्हणाले.

हे निरनिराळ्या ठिकाणी म्हणजे काय ते त्यांनी खुलासेवार सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. डेपोतल्या कुणी आजवर त्या निवेदकाला गप्प बसलेलं ऐकलं नव्हतं.

"प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"पण तू तर म्हणालीस फरक पडला," साहेब बायकोकडे वळून म्हणाले.

"तुमच्या नाकाला धूळ लागली होती," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही इतके आनंदात होतात. मला नाही म्हणवेना."

"आणि तू, आई?"

"तिने माझा हात दाबला."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "माझं नाव छापून येणार होतं हो," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. साहेबांना त्यापेक्षा त्यांनी चार भांडी फेकली असती तर बरं वाटलं असतं. इतकी वर्षं लोकांच्या छत्र्या जपल्या, लोकांच्या कवळ्या जपल्या आणि बायकोची एक गोष्ट जपता आली नाही, या विचाराने त्यांना स्वतःची शरम वाटली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

"दोघांची आहे," आई म्हणाली. "तुला कळत नव्हतं आणि हिला बोलवत नव्हतं. घरात एकाने तरी तोंड उघडावं." (स्वतःचं तोंडही त्या वेळी घरातच होतं, हे ती सोयीस्करपणे विसरली.)

साहेबांनी धीर द्यायचा प्रयत्न केला. "सरांचे हाताने लिहिलेले कागद आहेत ना अजून. ते काही कुठे गेले नाहीत. आणि पहिल्यापेक्षा आता कॉम्प्युटर वेगात सुरू होतो, ही तर जमेची बाजू आहे."

ही जमेची बाजू त्यांनी काढायला नको होती. बाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आता रडू नव्हतं. त्यांनी कागदांचा गठ्ठा ओढला, दहाव्या अध्यायाचं पहिलं पान पुढ्यात ठेवलं आणि टाइप करायला सुरुवात केली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येऊ लागला.

तो आवाज पुढचा आठवडाभर येत राहिला. साहेबांनी रजा काढली. स्वयंपाक त्यांनी केला, भांडी त्यांनी घासली, कपडे त्यांनी धुतले आणि दोन पांढऱ्या साड्या त्यांच्या हातून गुलाबी निघाल्या. बाई त्यावरही काही बोलल्या नाहीत. त्यांचा सगळा राग बोटांत उतरला होता. रोजचं काम झालं की त्या एका पेनड्राइव्हवर त्याची प्रत काढायच्या आणि सासूबाईंच्या हातात द्यायच्या. आई तो चष्म्याच्या डबीत ठेवून डबी उशाखाली ठेवायची. साहेब जवळून गेले तरी ती उशीवर हात ठेवायची.

बाकी वेळ साहेब बायकोच्या शेजारी बसून पानं उलटायचे. दोन दिवसांत त्यांना सरांचं अक्षर थोडं थोडं लागायला लागलं आणि एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सरांनी लिहिलं होतं, "मागील अध्यायात आपण सविस्तर पाहिले आहेच, व पुढील अध्यायात याहूनही सविस्तर पाहणार आहोत, त्याप्रमाणे गोगलगाय ही, तिच्याकडे ज्यांनी शांत, निर्मळ व सहृदय दृष्टीने पाहण्याचे कष्ट घेतले आहेत अशा अभ्यासकांना, कधीही मंद वाटत नाही." बाईंनी टाइप केलं होतं, "गोगलगाय मंद नाही."

"अगं," साहेब म्हणाले, "इथे तीन ओळी—"

बाईंनी मान वळवून पाहिलं. साहेबांनी पान उलटलं.

"मला कळतं मी काय करतेय ते," थोड्या वेळाने बाई आपणहून म्हणाल्या. "पहिल्या वेळी मी एकेक शब्द मान देऊन टाइप केला होता. आता नाही जमत. रागाच्या भरात मला विशेषणं टाइप करता येत नाहीत. सरांना मी स्वतः सांगीन काय ते."

"ते नाव घालायचे नाहीत मग."

"नाही घालायचे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा गारा पडू लागल्या.

शनिवारी सकाळी सर आले. ते फाटकातून आत शिरले तेव्हा साहेबांनी चहा टाकला आणि ते दारात पोचले तेव्हा चहा गाळून झाला होता. बाईंनी कागद पुढे ठेवले आणि काही सांगायला तोंड उघडलं. पण सरांनी हाताने थांबवलं. पहिले नऊ अध्याय त्यांनी आधीच तपासले होते. त्यांनी दहावा उघडला आणि वाचायला लागले.

घरात पान उलटल्याचा तेवढा आवाज. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. आई उशीवर बसून होती. साहेब ट्रे घेऊन उभे होते. सरांनी दहावा संपवला, अकरावा संपवला आणि मध्येच चष्मा काढला.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, सर."

"मी इतकं थोडं लिहीत नाही."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सगळं सांगितलं. जुनी डिस्क, नवी डिस्क, आरसा, सुया आणि राग. "हे पाच अध्याय मी दोनदा टाइप केलेत, सर. दुसऱ्या वेळी मी फार रागावले होते. तुमचे बरेच शब्द गळले. मूळ कागद हे इथे आहेत. तुम्ही म्हणाल तर पुन्हा सगळं जसंच्या तसं करून देते. माझं नाव नाही घातलंत तरी चालेल."

"कोणावर रागावला होतात?"

बाईंनी आणि आईने एकदम ट्रेकडे पाहिलं. सरांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझ्या बायकोने हे पुस्तक कितीदा तरी वाचायला घेतलं," सर सावकाश म्हणाले. "दर वेळी तिला झोप लागते. तिला मी दोष देत नाही. मलाही लिहिताना लागायची. पण आत्ता वाचताना, बाई, मला पहिल्यांदा असं वाटलं की गोगलगाय कुठेतरी निघालीय आणि तिथे ती पोचणार आहे." त्यांनी कागद छातीशी धरले. "तुमचं नाव मी 'अक्षरजुळणी' म्हणून घालणार नाही."

बाईंनी मान खाली घातली.

"'संपादन' म्हणून घालीन. खाली नाही, माझ्या नावाच्या लगेच नंतर."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. आईने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी ट्रेमधला सरांचा चहा स्वतःच पिऊन टाकला. आठवडाभर खाली गेलेली त्यांची मान हळूहळू वर आली. कसं का होईना, पण या सगळ्याला सुरुवात आपण केली, हे त्यांना आठवलं.

"आमचाही यात थोडा हातभार लागला, सर," ते विनयाने म्हणाले.

"तेच मी विचारणार होतो," सर म्हणाले आणि बाईंकडे वळले. "पहिले नऊ अध्यायही असेच करता येतील का हो? छापखान्याला मी थांबवतो. गोगलगायींना काही घाई नाही."

"असा उगाच राग कसा येईल, सर?" बाई म्हणाल्या. "त्यासाठी आधी ते हरवायला हवेत."

सरांनी यावर शांतपणे, अभ्यासकाच्या दृष्टीने विचार केला.

"मग ते हरवतील का?"

"हरवतील की," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "यांच्याकडे फक्त जपून ठेवायला द्या."